कुलाब्याची तोफ टेबलावर

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या शेजारी एखादी तोफ ठेवण्याची प्रथा जुनी आहे. ती तोफ कोणत्या बनावटीची, कोणत्या काळातली, हे सहसा कोणी विचारत नाही आणि विचारण्याचे कारणही नसते. प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टाला मात्र पहिल्याच दिवशी हा प्रश्न सोडवावा लागतो. टामिया व अन्य परदेशी कंपन्यांचे तोफांचे जे तयार संच बाजारात मिळतात, त्यांत मोठा भरणा दुसऱ्या महायुद्धातील तोफांचा असतो. रायगडच्या किनाऱ्यावरील एखादी तोफ दिवाणखान्यात हवी असेल, तर ती स्वतः मोजून, आखून आणि कापूनच घडवावी लागते. फोटो-एचिंगने कोरलेले पितळी सुटे भाग अशा कामात फार उपयोगी पडतात. ते कुठे वापरावेत आणि कुठे टाळावेत, हे मात्र आधी समजून घ्यायला हवे.

किनाऱ्यावर तोफांना तोटा नाही. मुरूडजवळच्या जंजिऱ्यावरील कलाल बांगडी सर्वांत प्रसिद्ध. तिचे वजन २२ टन असल्याचे सांगितले जाते. परंतु प्रतिकृतीच्या दृष्टीने ती म्हणजे एक अजस्र नळी आहे. लेथवर कातलेला दांडा आणि त्यावर चढवलेली कडी यांनी तिचे बरेचसे काम भागते. कोरीव पितळी भागांना तिथे फारसा वाव नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटावरील दोन तोफांची गोष्ट वेगळी. त्या चाकांच्या गाड्यावर उभ्या आहेत. चाके, कणे, पट्ट्या, खिळ्यांची डोकी आणि कोरलेली अक्षरे असा सगळा ऐवज तेथे आहे. गाड्यासह उंची जेमतेम एक मीटर असल्याने मापे घेणेही आटोक्यातले आहे.

१८४९ या आकड्याचा अर्थ

या जोडीवर डॉसन, हार्डी, फील्ड ही नावे, यॉर्कशायरमधील लो मूर आयर्न वर्क्स हा कारखाना आणि १८४९ हे वर्ष कोरलेले आहे. लो मूर हे ब्रॅडफर्ड शहराजवळचे गाव. तेथील लोखंडाचा कारखाना १७९१ मध्ये सुरू झाला आणि १९५७ मध्ये बंद पडला. एकेकाळी तो यॉर्कशायरमधील सर्वांत मोठा लोखंड कारखाना होता.

कुलाबा किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये सुरू झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते प्रमुख ठाणे झाले. आंग्र्यांचे संस्थान मात्र १८४० च्या सुमारास वारस नसल्याच्या कारणावरून ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले. म्हणजे यॉर्कशायरमध्ये या तोफांवर वर्ष उमटले तेव्हा किल्ल्यावर आंग्र्यांचे निशाण राहिले नव्हते. तोफ मराठ्यांच्या किल्ल्यावर आहे, पण ती मराठ्यांची नाही. तिच्या शेजारी आंग्र्यांचे गोलंदाज उभे केले, तर प्रतिकृती कितीही सुबक झाली तरी ती चुकीचा इतिहास सांगेल. किल्ल्यावर येणाऱ्या पर्यटकाचीही हीच गल्लत होते. फरक इतकाच, की पर्यटकाची चूक संध्याकाळच्या बोटीबरोबर परत जाते, तर प्रतिकृतीतील चूक काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते.

म्हणूनच ती अक्षरे आणि ते वर्ष हा या प्रतिकृतीचा गाभा ठरतो. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे पापुद्रे सुटत जातात आणि त्यांच्याबरोबर कोरलेला मजकूरही झिजत जातो. आज नोंदवलेली मापे आणि काढलेली छायाचित्रे पुढच्या पिढीच्या उपयोगी पडणार आहेत, हे ध्यानात ठेवून काम केलेले बरे.

मापे आणि ओहोटी

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटते, पण या किनाऱ्यावर ती ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येते. अष्टमीच्या भांगाला ओहोटी दुपारच्या सुमारास असते; मात्र पाणी तितके मागे जात नाही. निवांत मापे घ्यायची असतील, तर या दोहोंमधला दिवस निवडून स्थानिकांना वेळ विचारून निघावे.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित वास्तूची हानी किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू भरणे, गंज खरवडणे हे प्रकार म्हणूनच पूर्णपणे वर्ज्य. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपे ऊन पडले की अक्षरांच्या कडा सावलीने आपोआप स्पष्ट होतात. कापडी टेपने लांबी, तोंडाचा आणि मागील बाजूचा घेर, चाकाचा व्यास, पट्ट्यांची जाडी अशी मापे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी धरून चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. घेर मोजून त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. गोल वस्तूला पट्टी लावून व्यास घेण्यापेक्षा हे अधिक बिनचूक असते.

प्रमाण अक्षरांवरून ठरवावे

लष्करी प्रतिकृतींत १/३५ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. त्यामागे फार मोठे शास्त्र नाही. जपानच्या टामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचा संच काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात असा आकार धरला गेला, तो साधारण १/३५ निघाला आणि पुढे तोच चालीरीत होऊन बसला. या प्रमाणात कुलाब्याची तोफ जेमतेम तीन सेंटिमीटर उंच होईल. दिसायला गोजिरी, पण वाचायला निरुपयोगी. मूळ अक्षर अडीच सेंटिमीटर उंच आणि त्याची रेघ तीन मिलिमीटर रुंद धरली, तर १/३५ मध्ये ती रेघ ०.०९ मिलिमीटर होते. तीच १/१६ मध्ये ०.१९ मिलिमीटर भरते. फोटो-एचिंगचा ढोबळ नियम असा, की पत्र्याच्या जाडीहून बारीक रेघ भरवशाने उतरत नाही. पत्रा ०.१५ मिलिमीटरचा घेतला, तर १/३५ मध्ये अक्षरे विरून जातात आणि १/१६ मध्ये टिकतात. तेव्हा सहा सेंटिमीटरहून थोडी उंच अशी १/१६ ची प्रतिकृतीच येथे योग्य.

पत्र्यावरील अम्लरेखन

फोटो-एचिंग हा शब्द नवा वाटला तरी काम ओळखीचे आहे. दारावरील पितळी नावाच्या पाट्या आणि रेडिओतील छापील सर्किट याच पद्धतीने तयार होतात. मराठीत त्याला अम्लरेखन म्हणतात; वापरले जाणारे फेरिक क्लोराइड हे काटेकोर अर्थाने अम्ल नसून क्षार आहे, ही गोष्ट निराळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बनवणाऱ्यांसाठी हे रसायन मिळते.

प्रथम संगणकावर भागांचे रेखाटन करून ते पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईत छापले जाते. स्वच्छ घासलेल्या पितळी पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर चढवून दोन्ही बाजूंना या फिल्म अचूक जुळवतात आणि अतिनील दिव्याखाली धरतात. सर्वसाधारण वापरातील थर प्रकाश लागेल तेथे घट्ट होतो, उरलेला धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात निघून जातो. मग पत्रा कोमट फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडे पितळ विरघळते, झाकलेले राहते. दोन्ही बाजूंनी उघडे असेल तेथे पत्रा आरपार कापला जातो. एकाच बाजूने उघडे असेल तेथे निम्म्या जाडीची खाच पडते. या अर्ध्या खाचेतच खरी गंमत आहे. घडीच्या रेषा, अक्षरे, चाकावरील नक्षी तिच्यामुळेच मिळते. खिळ्यांच्या डोक्यांसाठी पत्र्याच्या मागील बाजूस बारीक खाचेचे ठिपके ठेवतात आणि नंतर बॉलपेनच्या टोकाने मागून दाबतात. पुढे गोल डोके उमटते. द्रावण खाली कुरतडते तसे बाजूलाही कुरतडते, म्हणून रेखाटनात भाग किंचित मोठे ठेवावे लागतात. सुटे भाग द्रावणात हरवू नयेत यासाठी ते चौकटीला बारीक दांड्यांनी जोडलेले ठेवतात.

हातमोजे, चष्मा आणि प्लॅस्टिकचे भांडे आवश्यक. हे द्रावण कपड्यांवर न जाणारे डाग पाडते आणि पोलादही खाते. वापरलेल्या द्रावणात विरघळलेले तांबे असते आणि ते माशांना घातक आहे. अलिबागसारख्या गावात मोरीतले पाणी शेवटी कुठे जाते, ते सांगायला नको. धुण्याचा सोडा घालून गाळ खाली बसवावा आणि तो घातक कचरा म्हणूनच द्यावा. हा सगळा उपद्व्याप नको असेल, तर संगणकीय रेखाटन व्यावसायिक एचिंग करणाऱ्याकडे सोपवावे. पहिल्या प्रयत्नाला तेच शहाणपणाचे.

पत्रा कुठे नको

चेक प्रजासत्ताकातील एडुआर्डसारख्या कंपन्यांनी तयार संचांसाठी असे पितळी भाग लोकप्रिय केले आणि त्याबरोबर एक खोडही आली. पितळी भाग मिळतात म्हणून सर्वत्र तेच लावायचे. तोफगाड्याची मूळ पट्टी १२ मिलिमीटर जाडीची असेल, तर १/१६ मध्ये ती ०.७५ मिलिमीटर हवी. तेथे ०.१५ चा एकच पत्रा लावला, तर टनावारी वजन पेलणारा गाडा बिस्किटाच्या डब्याचा वाटू लागतो. अशा जागी पाच पत्रे एकावर एक डाखून जाडी साधावी, किंवा मूळ अंग जाड प्लॅस्टिकचे ठेवून वर फक्त खिळ्यांचा पत्रा चढवावा. नळी तर पत्र्याची करूच नये. ती अॅल्युमिनियम किंवा पितळी दांड्यातून लेथवर कातून घ्यावी. ओतीव तोफेचा मागून पुढे होणारा उतार दुसऱ्या कशाने नीट येत नाही. चाकाची धावही कातीवच हवी.

भाग चौकटीतून सोडवताना काचेच्या तुकड्यावर ठेवून धारदार पात्याने कापावेत. मऊ पृष्ठभागावर ते वाकतात. घडी घालताना खाच आतल्या बाजूला राहील असे पाहावे आणि घडी एकदाच घालावी, उलट-सुलट केल्यास पत्रा तुटतो. गोल वळवायचा भाग आधी ज्योतीवर तापवून नरम करावा. छोट्या तुकड्यांना झटपट चिकटणारा डिंक पुरतो, पण भार घेणारे सांधे डाखलेलेच बरे. अक्षरे ज्या भागावर येतात तो सर्वांत शेवटी लावावा, नाहीतर बोटांच्या घर्षणाने कडा बोथट होतात.

रंगापूर्वी सर्व पितळ सोड्याच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. फेरिक क्लोराइडचा अंश राहिला, तर किनाऱ्यावरील दमट हवेत काही महिन्यांत रंगाखालून हिरवट डाग फुटतात. धातूसाठीचा प्रायमर पातळ मारावा. जाड थराने अक्षरे बुजली, तर सारा खटाटोप वाया. गंज दाखवताना नारिंगी रंगाचा मोह आवरावा. वर्षानुवर्षे खारा वारा खाल्लेले लोखंड बहुतांशी काळसर तपकिरी असते. तांबूस छटा नवीन पापुद्रा सुटलेल्या जागी आणि पाणी साचणाऱ्या कोपऱ्यांत तेवढी द्यावी.

बैठकीसाठी काळ्या पाषाणाचे मोठे चिरे दाखवावेत. किल्ल्याच्या तटात ते चुन्याविना रचलेले असून फटी मोकळ्या आहेत; त्यांतून लाटांचे पाणी शिरते व त्यांचा जोर ओसरतो, असे सांगितले जाते. प्रमाण दाखवायला मानवी आकृती हवीच असेल, तर दोन पर्याय आहेत. १८४९ नंतरच्या काळातील कंपनीचा शिपाई, किंवा ओहोटी साधून आलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला आजचा पर्यटक. पाटीवर कुलाबा किल्ला, अलिबाग; इंग्रजी बनावट, लो मूर, १८४९; प्रमाण १/१६ एवढा मजकूर पुरे.