आशियाई क्रीडासामने : यजमान भारताची कामगिरी

आशियाई राष्ट्रांच्या बहुविध क्रीडासामन्यांचे यजमानपद भारताने दोनदा भूषविले : १९५१ मध्ये पहिल्या व १९८२ मध्ये नवव्या सामन्यांच्या वेळी. दोन्ही सामने नवी दिल्ली येथे झाले. पहिल्या सामन्यांत भारताला ५१ पदके मिळून त्याचा क्रमांक दुसरा लागला. नवव्या सामन्यांत ५७ पदके मिळूनही तो पाचवा आला. यजमानपदामुळे राष्ट्राच्या क्रीडासामर्थ्यात कितपत भर पडते व ती किती काळ टिकते, हे या दोन प्रसंगांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

पहिले सामने (१९५१) : आशियाई क्रीडासंघाची स्थापना १९४९ मध्ये दिल्ली येथे झाली. तीमागे गु. द. सोंधी यांचा पुढाकार होता. १९५० मध्ये योजलेले पहिले सामने पुढे ढकलले जाऊन ४ ते ११ मार्च १९५१ या काळात नॅशनल स्टेडियमवर भरले. त्यांत ११ राष्ट्रांनी भाग घेतला. चीन व पाकिस्तान यांचा त्यांत सहभाग नव्हता. युद्धात गुंतलेला दक्षिण कोरियाही अनुपस्थित होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रवेश न मिळालेल्या जपानने मात्र येथे भाग घेऊन २४ सुवर्णपदकांसह पहिला क्रमांक मिळविला.

भारताला १५ सुवर्ण, १६ रौप्य व २० ब्राँझ पदके मिळाली. एकूण ५७ सुवर्णपदकांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक पदके यजमानांच्या वाट्याला आली. सचिन नाग यांनी १०० मी. मुक्त शैलीच्या जलतरणशर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. मुंबईचे लेव्ही पिंटो यांनी १०० व २०० मी. धावण्याच्या शर्यती जिंकल्या. रणजित सिंग (८०० मी.), निक्का सिंग (१,५०० मी.), छोटा सिंग (मॅरॅथॉन), महावीर प्रसाद (१० किमी. चालणे), बख्तावर सिंग (५० किमी. चालणे), मदनलाल (गोळाफेक) व माखन सिंग (थाळीफेक) हे इतर विजेते असून ४ × ४०० मी. रिलेतही भारत पहिला आला. के. पी. ठक्कर यांनी सूर मारण्याच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. वॉटरपोलोतही भारताला विजय मिळाला. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली व शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली खेळणाऱ्या फुटबॉल संघाने अंतिम सामन्यात इराणचा १-० असा पराभव केला; निर्णायक गोल साहू मेवालाल यांनी केला. स्त्रियांमध्ये रोशन मिस्त्री यांना १०० मी. शर्यतीत रौप्यपदक, तर मेरी डिसोझा यांना २०० मी. शर्यतीत ब्राँझपदक मिळाले.

या यशाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. सहभागी राष्ट्रे थोडी असल्याने स्पर्धा मर्यादित होती. त्याचबरोबर हॉकी व कुस्ती हे भारताचे प्रभावी खेळ त्या वेळी कार्यक्रमात नव्हते. तरीही धावणे, फेकी, जलतरण व फुटबॉल या क्षेत्रांत भारताने आघाडी घेतली.

नववे सामने (१९८२) : १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर १९८२ या काळात झालेल्या या सामन्यांत ३३ राष्ट्रे सहभागी झाली व २१ खेळांच्या स्पर्धा झाल्या. त्यांसाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम, इंद्रप्रस्थ बंदिस्त क्रीडागार इ. वास्तू उभारण्यात आल्या. शिडाच्या नौकांच्या शर्यती मुंबई येथे, तर वल्ह्यांच्या नौकांच्या शर्यती जयपूरजवळील रामगढ तलावात घेण्यात आल्या. चीनने ६१ सुवर्णपदके मिळवून जपानला (५७) प्रथमच मागे टाकले.

भारताची १३ सुवर्ण, १९ रौप्य व २५ ब्राँझ पदके १९७८ च्या बँकॉक सामन्यांतील २८ पदकांच्या दुपटीहून अधिक होती. चार्ल्स बोरोमिओ (८०० मी.), चांदराम (२० किमी. चालणे), बहादुर सिंग (गोळाफेक) व एम्. डी. वल्सम्मा (४०० मी. अडथळ्यांची शर्यत) यांनी मैदानी स्पर्धांत, कौर सिंग यांनी मुष्टियुद्धात व सतपाल यांनी कुस्तीत सुवर्णपदके मिळविली. मुंबईच्या सागरात फारुख तारापोर व झरीर करंजिया ही जोडी फायरबॉल नौकाप्रकारात पहिली आली.

उरलेली सहा सुवर्णपदके विशेष लक्षणीय आहेत. गोल्फमध्ये लक्ष्मण सिंग व भारतीय संघ यांना प्रत्येकी एक, अश्वारोहणात रघुवीर सिंग, भारतीय संघ व रुपिंदर सिंग ब्रार यांना मिळून तीन व महिला हॉकीत एक अशी ती विभागलेली होती. या तिन्ही स्पर्धांचा आशियाई सामन्यांत १९८२ मध्येच प्रथम समावेश झाला होता. म्हणजेच यजमानांचे जवळजवळ निम्मे सुवर्णयश नव्या स्पर्धांतून आले. याउलट पुरुषांच्या हॉकीत अंतिम सामन्यात भारताला पाकिस्तानकडून १-७ असा दारुण पराभव पत्करावा लागला. पूर्वी वर्चस्व असलेल्या फुटबॉलमध्ये उपउपांत्य फेरीतच आव्हान संपले. पी. टी. उषा यांनी १०० व २०० मी. शर्यतींत रौप्यपदके मिळवून पुढील यशाची चाहूल दिली.

परिणाम व मूल्यमापन : सामन्यांनंतर उभारलेल्या क्रीडागारांचा उपयोग व देखभाल यांसाठी १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडाधोरणही जाहीर झाले. तथापि पदकसंख्या टिकली नाही. १९८६ च्या सेऊल सामन्यांत भारताला ३७ पदके मिळाली. त्यांतील पाच सुवर्णपदकांपैकी चार पी. टी. उषा यांच्या सहभागाने आली. १९९० च्या बीजिंग सामन्यांत २३ पदके मिळाली व कबड्डीतील सुवर्णपदक एकमेव ठरले. घरच्या मैदानावरील सराव, प्रेक्षकांचा पाठिंबा व मोठा संघ उतरविण्याची संधी यांमुळे यजमानांची पदकसंख्या वाढते; परंतु शाळा व गावपातळीवरील खेळाडूंची अखंड तयारी नसल्यास ती वाढ तात्पुरती ठरते, हे या आकड्यांतून दिसते.

५७ पदकांचा आकडा भारताने २०१० च्या ग्वांगजो सामन्यांत (६५) प्रथमच ओलांडला. २०२३ मध्ये झालेल्या हांगजो सामन्यांत २८ सुवर्णपदकांसह शंभरावर पदके मिळवून भारत चौथ्या क्रमांकावर आला. ही दोन्ही यशे परभूमीवर, दीर्घ प्रशिक्षणाच्या बळावर मिळालेली आहेत. तथापि १९५१ मधील दुसरा क्रमांक भारताला त्यानंतर, हांगजो सामन्यांपर्यंत, मिळविता आला नाही व सचिन नाग यांच्यानंतर जलतरणशर्यतीत एकाही भारतीयाला सुवर्णपदक मिळाले नाही.