दोन धावा आणि पंचवटीचा परतीचा डबा

ज्यांना कानात घालून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना दोन-तीन ठिकाणी घसरलो होतो, ते इथे सावरून घेतलंय.

परवा आयपीएलची एक मॅच शेवटच्या ओव्हरमध्ये हातची गेली आणि आमच्या कॉलेज रोडच्या ग्रुपवर अक्षरशः सुतक पडलं. एकाने फोन आपटला (गादीवर, कारण हप्ते अजून बाकी आहेत). दुसऱ्याने कॅप्टनच्या खानदानाचा उद्धार केला. रात्री दीडपर्यंत मेसेज चालू होते. सकाळी चहा घेताना मी ते सगळं मामांना वाचून दाखवलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुम्हाला ओरडायला जागा तरी आहे रे. आम्ही कसाऱ्यापर्यंत एक शब्द बोललो नव्हतो."

मग मी रेकॉर्डर चालू केला. आजचा भाग त्यातूनच झालाय.

तारीख ७ मे १९९१, मंगळवार. मामा तेव्हा चोवीस वर्षांचे. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडला धरायची, बॉम्बे व्हीटीला उतरायचं, चालत वानखेडे गाठायचं आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. तीन मित्र, एक डबा, एक टॉवेल. वानखेडेवर रणजी करंडकाची फायनल होती, मुंबई विरुद्ध हरियाणा, आणि तो तिचा पाचवा, शेवटचा दिवस होता.

आता रणजी फायनलचा एक नियम लक्षात घ्या, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, करंडक त्याचा. हरियाणाने पहिल्या डावात ५२२ केले होते. मुंबईने ४१०. म्हणजे ११२ ची आघाडी हरियाणाच्या खिशात. दुसऱ्या डावात हरियाणाच्या २४२ झाल्या आणि मुंबईपुढे ३५५ चं आव्हान आलं. शेवटच्या दिवशी, उरलेल्या वेळात. टुकूटुकू खेळून सामना वाचवण्याचा काही उपयोग नव्हता, कारण अनिर्णित म्हणजे हारच. मारा नाहीतर मरा.

आणि सुरुवातच ३ बाद ३४.

मामा सांगतात, तेव्हा त्यांच्या शेजारच्या काकांनी डबा उघडला. म्हणजे संपलं, आता जेवून घ्या. क्रीझवर होते ३५ वर्षांचे दिलीप वेंगसरकर आणि दोन आठवड्यांपूर्वी १८ पूर्ण झालेला सचिन तेंडुलकर. या दोघांनी १३४ धावांची भागीदारी केली. सचिनने ७५ चेंडूंत ९६ केल्या. आज ७५ चेंडूंत ९६ म्हटलं की तुम्ही म्हणाल, ठीक आहे, वनडेचा स्ट्राइक रेट. पण ही १९९१ ची पाच दिवसांची मॅच आहे, पाचव्या दिवसाची खेळपट्टी आहे आणि समोर कॅप्टन आहे कपिल देव. काकांचा डबा अर्धवट राहिला. मामांच्या आठवणीप्रमाणे दुपारनंतर स्टँड भरायला लागले. ऑफिसातून लोक सुटून येत होते की पळून येत होते, कोण जाणे.

सचिन गेला. मग एकेक करत इतरही गेले. नववी विकेट पडली तेव्हा धावफलकावर ३०५. अजून ५० हव्यात आणि शेवटचा गडी म्हणून आला उंचापुरा ॲबी कुरुविला. तो मुंबईकडून पहिलाच हंगाम खेळत होता, आणि तो गोलंदाज. मामांच्या मित्राने टॉवेल तोंडावर घेतला.

पन्नासपैकी सत्तेचाळीस झाल्या!

वेंगसरकरांच्या पायात गोळे आले होते, पळता येत नव्हतं, म्हणून लालचंद राजपूत त्यांचे रनर होते. तरी वेंगसरकर मारत होते. १३९ नाबाद. कुरुविला दुसऱ्या टोकाला चिकटून. तीन धावा हव्यात, षटकं संपत आलेली, चेतन शर्मा गोलंदाजीला, आणि एका चोरट्या धावेच्या गडबडीत कुरुविला धावचीत झाला. फेक अमरजित केपीची. मुंबई सर्वबाद ३५२. हरियाणा दोन धावांनी जिंकली. वेंगसरकर मैदानातच कोसळले आणि रडले.

इथे मामा थांबले. चहा निवला होता. "शंभरावर कसोटी खेळलेला माणूस," ते म्हणाले, "सगळ्यांदेखत पोरासारखा रडला. आम्हाला कुठे बघावं कळेना."

परतीच्या पंचवटीत त्यांच्यासारखे आणखी काही जण होते. एकमेकांकडे बघून ओळख पटत होती, बोलायला कुणी तयार नव्हतं. कसाऱ्याला वडेवाला आला. तीन मित्रांपैकी कुणी हात पुढे केला नाही. मामांच्या लेखी दुःखाचं हे शेवटचं माप आहे, आणि जो माणूस कसाऱ्याचा वडा सोडतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

त्या चेतन शर्माबद्दल थोडं. विषयाला सोडून आहे, पण राहवत नाही. हा तोच, ज्याला १८ एप्रिल १९८६ ला शारजात जावेद मियाँदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला होता. चार हवे होते, सहा मिळाले, पाकिस्तान एक गडी राखून जिंकलं. चेतन तेव्हा वीस वर्षांचा. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली. पण लोकांना विचारा, काय आठवतं? मियाँदाद. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांचंही असंच. त्याच १९८६ च्या ऑक्टोबरात बोस्टनचा बिल बकनर नावाचा खेळाडू होता. त्यांची टीम १९१८ पासून विजेतेपदाची वाट बघत होती आणि ते अगदी हातात आलं होतं. एक साधा सरपटी चेंडू बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला आणि बोस्टन तो सामना हरलं. नंतर सातवा, निर्णायक सामनाही हरलं. पुढची कित्येक वर्षं लोकांनी बकनरला सोडलं नाही. २००८ मध्ये त्याला त्याच बोस्टनच्या मैदानावर मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मधल्या काळात, २००४ मध्ये, टीम जिंकली होती हे लक्षात घ्या. मोठं मन त्यानंतर झालं. चेतन शर्माला मात्र वानखेडेवर त्या दिवशी शेवटी थोडं परत मिळालं, असं मला वाटतं.

पण माझा खरा प्रश्न मामांना वेगळाच होता. म्हटलं, "मामा, तुम्ही नाशिकचे. जिल्ह्याकडून खेळलात. नाशिकचा पोरगा रणजी खेळला तर महाराष्ट्राकडून खेळतो, मुंबईकडून नाही. मग मुंबई हरली तर तुम्ही का रडत होतात?"

मामा म्हणाले, "मी कुठे रडलो? वेंगसरकर रडले."

उत्तर टाळलं त्यांनी. मग मीच थोडं शोधलं. महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर आजवर एकदाही नाही. १९७१ ला फायनलमध्ये पोचले, समोर मुंबई. मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, मांकड असे पाच जण वेस्ट इंडीजच्या कसोटी दौऱ्यावर. यापेक्षा चांगली संधी कोणती? सुधीर नाईकच्या नेतृत्वाखालची उरलेली मुंबई ४८ धावांनी जिंकली. १९९३ ला पुन्हा फायनल, लुधियानात पंजाबकडून हार. २०१४ ला पुन्हा फायनल, हैदराबादला, केदार जाधवने हंगामात हजारावर धावा केलेल्या. कर्नाटककडून हार.

मी मामांना विचारलं, १९९३ चं काय आठवतं? ते बराच वेळ विचार करत होते. "पेपरात वाचलं असेल," म्हणाले.

बघा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या टीमसाठी वडा सोडलेला माणूस आपली स्वतःची टीम फायनल हरली तेव्हा पान उलटून पुढे गेला. मला राग आला, खरं सांगतो. पण मग वाटलं, यात मामांचा एकट्याचा काय दोष? मुंबईच्या पराभवाला सांगणारे होते. छापणारे, लिहिणारे, गाडीत बसून गावोगाव नेणारे. त्या फायनलच्या गोष्टीत हरियाणासुद्धा पाहुणी वाटते. दीपक शर्माने त्या सामन्यात १९९ केल्या होत्या. हरियाणाचं ते आजवरचं एकमेव रणजी विजेतेपद आहे. आणि आपण अजूनही त्याला 'वेंगसरकर रडले ती मॅच' म्हणतो. मीसुद्धा आत्ता अर्धा भाग तेच केलं. महाराष्ट्राच्या हारण्याची अशी गोष्टच कुणी आम्हाला सांगितली नाही, मग दुखणार कसं?

म्हणून मागच्या वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, मी मामांना ओढत गोल्फ क्लबवर नेलं होतं. आपलं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. महाराष्ट्र विरुद्ध बडोदा, रणजी, घरच्या मैदानावर. शनिवार, तिसरा दिवस. ऊन छान होतं, शेंगदाणे होते, आपले फलंदाज बडोद्याला दमवत होते. जॉगिंग ट्रॅकवरून जाणारी माणसं थांबून स्कोअर विचारत होती. मामा खुशीत दिसले. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात ते माझ्याकडे झुकले. "फोन बघ जरा. तिकडे बीकेसीला काय झालं?"

बीकेसीला मुंबई जम्मू-काश्मीरशी खेळत होती, रोहित शर्मासकट. मी बघितलं. जम्मू-काश्मीर पाच गडी राखून जिंकलं होतं.

मामांनी शेंगदाण्यांची पुडी मिटली आणि खिशात ठेवली. समोर आपल्या पोराने चौकार मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनीही वाजवल्या, थोड्या उशिराने.

तो सामना महाराष्ट्राने ४३९ धावांनी जिंकला.