रेस्क्यू डिस्क : संगणक सुरू न होणे

रेस्क्यू डिस्क : हार्ड डिस्कवरील कार्यप्रणाली बिघडली असता संगणक बाहेरून सुरू करण्याची सीडी, डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह. हिला ‘बूट सीडी’, ‘रिकव्हरी डिस्क’ असेही म्हणतात. हिच्यावर बहुधा एक छोटी कार्यप्रणाली आणि बॅकअप परत चढवणारा प्रोग्रॅम एवढेच असते. खुद्द बॅकअप दुसरीकडे असतो. ऐन वेळी या डिस्कवरूनही संगणक सुरू होत नाही, तेव्हा दोष हार्ड डिस्कचा समजला जातो. पण बूट होण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यांचा हार्ड डिस्कशी फारसा संबंध नसतो. दोष बहुतेकदा डिस्क कशी लिहिली आणि संगणकाचे फर्मवेअर (चालू होताच प्रथम धावणारा अंगभूत प्रोग्रॅम) तिच्यात काय शोधते, यांच्यामध्ये असतो.

एल टोरिटो : सीडीवरून बूट होण्याची रीत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी १९९५ मध्ये ठरवून दिली. कॅलिफोर्नियातील ज्या मेक्सिकन उपाहारगृहाचे नाव तिला मिळाले, त्याचा बूट होण्याशी अर्थातच काही संबंध नाही. सीडीचा सेक्टर २,०४८ बाइटांचा असतो. शून्यापासून मोजल्यास १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये या रीतीचे नाव आणि ‘बूट कॅटलॉग’चा पत्ता लिहिलेला असतो. कॅटलॉगची पहिली नोंद ३२ बाइटांची असून तिच्या अखेरीस ५५ आणि एए हे दोन षोडशमान बाइट असावे लागतात. ते नसले तर फर्मवेअर ती डिस्क बूट होणारी मानत नाही आणि बहुधा काही न सांगता पुढच्या साधनाकडे वळते. जुन्या डिस्कमध्ये कॅटलॉग १.४४ एमबीच्या फ्लॉपीचे सोंग घेतलेल्या प्रतिमेकडे बोट दाखवत असे. पुढे सोंगाविना बूट होण्याची पद्धत रुळली. बायोस या जुन्या फर्मवेअरसाठी एक आणि यूईएफआय या नव्या फर्मवेअरसाठी दुसरी अशा दोन नोंदी एकाच कॅटलॉगमध्ये ठेवता येतात. फक्त पहिली नोंद असलेली डिस्क नव्या लॅपटॉपवर मुकी राहते.

लिहिण्यातील चूक : सर्वांत साधी आणि वारंवार आढळणारी. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल ‘इमेज’ म्हणून बर्न न करता नेहमीच्या फाइलीसारखी सीडीवर कॉपी केली, तर १७व्या सेक्टरमध्ये वर सांगितलेले काहीच येत नाही. पडताळा सोपा आहे : डिस्क दुसऱ्या चालू संगणकात उघडावी. एकच भलीमोठी आयएसओ फाइल दिसली तर डिस्क चुकली. ‘बूट’, ‘ईएफआय’ असे फोल्डर दिसले तर लिहिणे बहुधा ठीक झाले आहे. उन्हात राहिलेल्या सीडी-आरचा रंगथर उतरतो. अशी डिस्क बूट सुरू करून मध्येच अडकते.

यूईएफआय आणि सिक्युअर बूट : यूईएफआय फर्मवेअर पेन ड्राइव्हवरील ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ या उपफोल्डरात ‘बूटएक्स६४’ ही फाइल शोधते. त्यासाठी पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करतात. मात्र अशा ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, आणि बॅकअपही तिथेच कोंबू पाहणारा तिथे अडतो. विंडोज ८ च्या काळापासून (२०१२) सर्वत्र दिसू लागलेले सिक्युअर बूट स्वाक्षरी नसलेला बूट प्रोग्रॅम नाकारते. काल चाललेली डिस्कही आज नाकारली जाऊ शकते : ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्यतनानंतर जुन्या लिनक्स डिस्क काही संगणकांवर चालेनाशा झाल्या. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे की नवी डिस्क बनवावी, याबाबत एकमत नाही. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कूटबद्ध करणारे साधन) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी कळ हाताशी असल्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू नये, एवढे मात्र नक्की.

क्रम : बूट क्रमात हार्ड डिस्क पहिली असल्यास रेस्क्यू डिस्कला पाळीच मिळत नाही. सुरू होतानाच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार) दाबून एकदाच वापरायचा मेनू उघडता येतो. विंडोजच्या डिस्कवर ‘कोणतीही कळ दाबा’ ही सूचना काही सेकंदच टिकते. ती हुकली की यंत्र पुन्हा हार्ड डिस्ककडे जाते आणि डिस्कवर नाहक आळ येतो. डेस्कटॉपमधील सीआर२०३२ सेल उतरला असल्यास घड्याळासह हा क्रमही मूळपदावर येऊ शकतो.

डिस्क चालते, पण हार्ड डिस्क दिसत नाही : हा वेगळा दोष असला तरी तक्रार तीच येते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर व्हीएमडी ही साठवण हाताळणारी व्यवस्था चालू असते. तिचा ड्रायव्हर रेस्क्यू डिस्कमध्ये नसल्यास बॅकअप चढवायला जागाच सापडत नाही.

मॅक : ॲपलच्या टी२ सुरक्षा चिपच्या यंत्रांवर बाहेरील साधनावरून बूट होणे मुळातच बंद ठेवलेले असते.