झाशी ते कलकत्ता : अंतर आणि अवधी

झाशी आणि कोलकाता यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,०५० किलोमीटर आहे. जेट विमानाला ते कापण्यास दोन तासही लागू नयेत. देशोदेशी विखुरलेल्या मराठी वाचकांना तर एवढा प्रवास म्हणजे किरकोळच वाटेल. परंतु १८५३-५४ साली याच अंतरावर एका मराठी संस्थानाचे भवितव्य अवलंबून होते.

मूळचे कोकणातील असलेल्या नेवाळकर घराण्याचे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशी येथे निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी पाच वर्षांच्या मुलास, कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, विधिपूर्वक दत्तक घेतले होते. या दत्तविधानास मान्यता द्यायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मात्र कलकत्त्यास, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या हाती होता. राणी लक्ष्मीबाईंनी ३ डिसेंबर रोजी पहिला खलिता पाठविला. त्यात १८१७ च्या तहाचा आधार होता. १६ फेब्रुवारी १८५४ च्या दुसऱ्या खलित्यात त्यांनी शेजारच्या दतिया, ओरछा या संस्थानांतील दत्तकांना मिळालेल्या मान्यतेचे दाखले दिले.

आता तारखांकडे पाहावे. डलहौसींनी संस्थान खालसा करण्याचा निर्णय २७ फेब्रुवारीस लिहिला. तो झाशीत १५ मार्चच्या सुमारास जाहीर झाला. म्हणजे सरकारी हुकुमाला कलकत्त्याहून झाशीस यावयास सुमारे सोळा दिवस लागले. हीच गती उलट दिशेने धरली, तर १६ फेब्रुवारीचा खलिता मार्चच्या प्रारंभापूर्वी कलकत्त्यास पोहोचणे कठीण होते. सर्वांत नेमके दाखले ज्या कागदात होते, तो वाटेवर असतानाच निकाल लागला, असे या हिशेबावरून दिसते.

मग दोष अंतराचा म्हणावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. गंगाधररावांच्या निधनापासून निर्णयापर्यंत अठ्ठ्याण्णव दिवस गेले. त्यांतील टपालाचे दिवस वजा केले, तरी दोन महिन्यांहून अधिक काळ उरतो. एवढ्या अवधीत संस्थानाची बाजू पुन्हा मागवून ऐकून घेणे अशक्य नव्हते. परंतु झाशी हे आश्रित संस्थान असून औरस वारसाच्या अभावी ते कंपनीकडे येते, ही भूमिका मान्य झाल्यावर दुसऱ्या बाजूच्या कागदाची वाट पाहण्याची निकड कोणास वाटणार?

योगायोग असा, की आग्रा-कलकत्ता तारयंत्र त्याच मार्च महिन्यात, निकाल जाहीर झाल्यानंतर काही दिवसांतच, सुरू झाले. झाशीस रेल्वे आली ती १८८० च्या दशकाच्या अखेरीस. आज मुंबईहून विमानाने ग्वाल्हेरला उतरून, तेथून सुमारे १०० किलोमीटर रस्त्याने गेले, की प्रवासी दिवस मावळण्यापूर्वी किल्ल्यापाशी पोहोचतो.

दळणवळणाची साधने वाढली, की निवेदन लवकर पोहोचते. ते वाचले जाईपर्यंत निर्णय थांबवून ठेवणे हे मात्र कोणतेही यंत्र करीत नाही. ते अधिकाऱ्यालाच करावे लागते. दूर देशातून आपल्या गावच्या जमिनीविषयी वा वारसनोंदीविषयी अर्ज करणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. अर्ज क्षणात पोहोचल्याची पोच त्याला मिळते. तो कोणी वाचला काय, हे त्याला विचारावेच लागते.