मशरूममधील पॉलिसॅकराइड आणि कॅन्सर : सिद्ध काय, दावा काय?

मशरूम किंवा त्याची पावडर खाल्ली की कॅन्सरची गाठ विरघळते, असे मेसेज आपल्या मोबाईलवर फिरत असतात. घरात कुणी आजारी असेल तर अशा मेसेजवर पटकन विश्वास बसतो. म्हणून यामागचे विज्ञान आपण थोडक्यात समजून घेऊ.

पॉलिसॅकराइड म्हणजे काय?

साखरेचे असंख्य रेणू साखळीसारखे जोडले गेले की पॉलिसॅकराइड तयार होते. भातातला स्टार्च हे त्याचेच उदाहरण. मशरूमच्या पेशीभित्तिकेत बीटा-ग्लुकान नावाचा प्रकार असतो. स्टार्च आपल्याला पचतो, बीटा-ग्लुकान मात्र पचत नाही.

शोध कसा लागला?

1969 मध्ये जपानचे गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके या खाद्य मशरूममधील पॉलिसॅकराइडवरचे संशोधन 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यामुळे उंदरांमधील सार्कोमा-180 या गाठीची वाढ रोखली गेली. या पदार्थाला लेंटिनान म्हणतात.

काम कसे करते?

लेंटिनान किमोथेरपीसारखे कॅन्सरच्या पेशींना थेट मारत नाही. आपल्या रोगप्रतिकारक पेशींवर डेक्टिन-1 नावाचे ग्राहक असतात. ते बीटा-ग्लुकान ओळखतात आणि पेशी सावध होतात. जणू झोपलेल्या पहारेकऱ्याला हाक मारावी, तसे. गाठीशी लढायचे ते शरीरानेच.

औषध म्हणून वापर

जपानमध्ये 1977 मध्ये 'टर्की टेल' या बुरशीपासून काढलेल्या क्रेस्टिनला, तर 1985 मध्ये लेंटिनानला मंजुरी मिळाली. लेंटिनान जठराच्या कॅन्सरमध्ये, तेही किमोथेरपीच्या जोडीने आणि इंजेक्शनमधून दिले जाई. किमोथेरपीऐवजी नव्हे, हे लक्षात घ्यावे.

पुढे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जपानी चाचणीत, जठराच्या वाढलेल्या कॅन्सरच्या मरीजांना एस-1 या औषधासोबत लेंटिनान देऊनही त्यांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. उंदरात जे झाले ते माणसात होतेच असे नाही. आणि शुद्ध केलेले इंजेक्शन वेगळे, ताटातली भाजी वेगळी.

मग आपण काय करावे?

- बटन, धिंगरी, शिताके हे मशरूम जरूर खावेत. त्यात प्रथिने आणि तंतू असतात. पण ते अन्न आहे, इलाज नाही.
- शिताके नीट शिजवूनच खावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ल्यास काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात.
- पावसाळ्यात रानात उगवलेली अनोळखी छत्री खाऊ नये. विषारी जाती नुसत्या नजरेने ओळखता येत नाहीत.
- पावडर किंवा कॅप्सूल सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना सांगावे. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर हे फारच जरुरीचे आहे.
- कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे असते. ते कशापासून बनवले आहे, हलाल आहे का, हे पाहून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मशरूमच्या भरवशावर ऑपरेशन, किमो किंवा रेडिएशन पुढे ढकलू नये. कॅन्सरमध्ये वाया गेलेले महिने परत मिळत नाहीत. असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी मरीजाच्या डॉक्टरांना एकदा विचारू या.