फियाटच्या खणातली वही

यंदा दिवाळीच्या सुट्टीत घरामागच्या टिनाच्या शेडमधून अब्बांची मोटार बाहेर ढकलली. मोठ्या भाईजानचा फोन आला होता. नोंदणीची मुदत संपत आली आहे. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ला ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. "एवढ्यात तर भंगारवाला उलट आपल्याला पैसे देईल," ते म्हणाले. मी म्हटले, आधी स्वच्छ तर करू द्या, मग ठरवू.

कागदावर तिचे नाव प्रीमियर पद्मिनी, १९८६चे मॉडेल. अब्बांनी ती १९९४ला यवतमाळच्या एका डॉक्टरांकडून घेतली. पण आमच्या दारव्ह्याच्या मोहल्ल्यात तिला पद्मिनी म्हणताना मी कुणालाच ऐकले नाही. सगळ्यांसाठी ती फियाट. या दोन नावांतच तिचा इतिहास आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. मोटार या देशातच तयार व्हावी हा त्यांचा ध्यास होता. त्याआधी मुंबईत जनरल मोटर्सचा कारखाना १९२८पासून होता खरा, पण तिथे बाहेरून आलेले भाग फक्त जोडले जात. वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ला पहिली मोटार बाहेर पडली, तीही सुरुवातीला अमेरिकी क्रायस्लरच्या सुट्या भागांची. पुढे १९५०च्या दशकात सरकारने धोरण बदलले. फक्त जोडणी करणाऱ्यांना जागा नाही, भाग इथे बनवाल तरच राहा. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला होता. १९५४पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ला तिचे रूप थोडे बदलले. करार संपल्यावर १९७४पासून तीच मोटार पद्मिनी झाली. नाव बदलले, १,०८९ सीसीचे इंजिन तेच राहिले, आणि लोकांच्या तोंडचे फियाटही तसेच राहिले.

लायसन्स-परमिटच्या त्या काळात नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. घ्यायची म्हटली तर मुख्यतः फियाट नाही तर अँबेसिडर. डिसेंबर १९८३ला मारुती ८०० आली तेव्हा कुठे लोकांना खरी निवड मिळाली. यावर अर्थतज्ज्ञांनी पुष्कळ टीका केली आहे आणि ती रास्त आहे. पण या धोरणाचा एक परिणाम पुस्तकांत फारसा सापडत नाही. पाऊणशे किलोमीटरवरच्या कंपनीच्या वर्कशॉपची गरज न ठेवता, एकच मोटार चाळीसेक वर्षे जवळपास त्याच रूपात बनत राहिल्यामुळे तिची विद्या तालुक्याच्या गॅरेजपर्यंत पाझरली. कुर्ल्यात नट आवळणारे हात आणि दारव्ह्यात तो सोडवणारे हात एकच भाषा बोलत होते. मारुतीच्या आणि नंतरच्या संगणकवाल्या गाड्यांच्या बाबतीत ते उरले नाही.

आमच्या मिस्त्रीचाचांनी कधी कंपनीचे पुस्तक पाहिले नाही. बाराव्या वर्षी ते अमरावतीच्या एका गॅरेजात चहा आणायला लागले आणि कानाने इंजिन शिकले. आता डोळ्यांना कमी दिसते. मी त्यांना खुर्ची टाकून अंगणात बसवले आणि त्यांच्या सांगण्यावरून काम केले.

पहिला हुकूम हा, की पाण्याला हात लावायचा नाही. आमच्याकडची काळी माती ओली झाली की डिंकासारखी चिकटते. म्हणून आधी सीटा काढायच्या, खालची मॅटिंग उचलायची, कोरडा ब्रश मारायचा. बॅटरीची तार काढताना आधी निगेटिव्ह. चाकांवरच्या पत्र्याच्या कमानीत वर्षानुवर्षांची माती थापलेली होती. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. दरवाजांच्या तळाशी बारीक छिद्रे असतात. काचेवरून आत उतरलेले पाणी तिथून निघून जायला हवे. आमची चारही दारे मातीने बुजली होती. तारेने ती मोकळी केली तर मुठीएवढी भुकटी पडली.

गंज दिसला तिथे तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, चकचकीत पत्रा लागेपर्यंत. लगेच रेड ऑक्साइड. चाचा म्हणाले, "घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नको. सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात." बंपरचा क्रोम घरातल्या पोळ्या गुंडाळायच्या अॅल्युमिनियम फॉइलने, पाणी लावून घासला. रेक्झिन सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसले. रबराला रॉकेल लावायचे नाही, ते फुगते. इंजिनवर पाइपने पाणी मारायचे नाही.

मागची सीट उचलली तेव्हा खाली सरकी, चार आणे, बांगडीचे तुकडे निघाले. आणि डॅशबोर्डाच्या खणात, जुन्या प्लगांच्या खाली, अब्बांची वही.

माझा मुलगा ती उलटीपालटी करून बघत राहिला. तो सेमी-इंग्रजीत नववीला आहे. मी वर्गात वीस वर्षे उर्दू शिकवतो आणि माझ्या मुलाला आजोबांचे अक्षर वाचता येत नाही. हे मला माहीत होते, पण त्या दिवशी दिसले.

मी वाचून दाखवले. अब्बांनी चार रकाने आखले होते. तारीख, किलोमीटर, कुठे, पैसे. "यवतमाळ. पेट्रोल." "कट-आउट बदलला." मग "सेवाग्राम. सोनारकाकांची सून. मुलगी झाली." "नागपूर मेडिकल. रात्री." त्याच्या खालच्या ओळीत, दुसऱ्या दिवशीची तारीख आणि एकच शब्द, "मय्यत." गल्लीत मोटार एकच होती. रात्री दोनला कडी वाजली की अम्मी आधी किल्ली शोधायच्या, मग दार उघडायच्या.

"इथे पैशाचा रकाना रिकामा का आहे?" मुलाने विचारले.

मी पाने उलटत गेलो. दवाखान्याच्या आणि मय्यतीच्या एकाही नोंदीपुढे आकडा नाही. अब्बा शाळामास्तर होते, पेट्रोल महाग होते, आणि एरवी ते चार आण्यांचाही हिशेब लिहीत. तिथे त्यांनी शून्यसुद्धा लिहिले नव्हते. चाचा खुर्चीतून म्हणाले, "मीही कधी त्या फेऱ्यांनंतरच्या कामाचे घेतले नाही. मास्तरांनी सांगितले नाही, मीही सांगितले नाही."

कुर्ल्याच्या कारखान्याचा इतिहास लिहिला गेला. वालचंदांचे चरित्र आहे. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी लेख छापले. ते सगळे हवेच. पण तालुक्याच्या गावात एका मोटारीने काय केले, तिला कोणी चालते ठेवले, याचा कागद माझ्या माहितीत ही एक वही आहे. आपल्या समाजाचा इतिहास कुणी लिहीत नाही अशी तक्रार आपण नेहमी करतो. तो आपल्याच घरातल्या खणात पडलेला असतो आणि पुष्कळदा आपल्या मुलांना न वाचता येणाऱ्या लिपीत असतो. भंगारवाला मोटार वजनाने घेतो. वही तो रस्त्यातच फेकून देईल.

मागच्या सीटवर एक काळपट डाग आहे. साबणाने गेला नाही. नवे रेक्झिन घालायचे का, असे मुलाने विचारले. मी नको म्हटले. गंज ठेवला तर मोटार जाते, म्हणून तो काढला. डागाने काही बिघडत नाही.

भाईजानना वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्यांचा फोन रात्री आला. बराच वेळ बोलले नाहीत, मग निम्मे पैसे मी देतो म्हणाले. अर्ज भरला आहे, तपासणी व्हायची आहे. पास होईल की नाही सांगता येत नाही. ब्रेक अजून एका बाजूला ओढतात.

रोज मगरिबनंतर अर्धा तास मुलगा उर्दू लिहायला बसतो. परवा वहीतल्या शेवटच्या नोंदीखाली त्याने तारीख घातली आणि लिहिले, "सफाई." दुसऱ्या ओळीत चाचांचे नाव. चौथा रकाना त्याने रिकामा सोडला आहे.