कॉलेजसाठी लॅपटॉप घेताय? आधी गावची रेंज बघा!

मित्रांनो, बारावी झाली, कॉलेजात नाव लागलं आणि घरच्यांनी तेंदूपत्त्याच्या हंगामातले पैसे लॅपटॉपसाठी बाजूला ठेवले. दुकानदार आधी चकचकीत स्क्रीन दाखवतो. पण भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीकडच्या मुलांची अडचण वेगळी आहे. रेंज कधी असते, कधी नसते. लाइटचा भरवसा नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून आपला नियम सोपा आहे: नेट आणि लाइट नसतानाही काम देईल, तोच लॅपटॉप आपला.

नेट कुठून घ्यायचं?

बहुतेकांसाठी फोनचा हॉटस्पॉट हाच मार्ग. नवीन सिम घेण्याआधी मित्राचं सिम आपल्या फोनमध्ये टाकून घरी, सकाळी आणि रात्री, स्पीड तपासा. बीएसएनएलचं ४जी ७०० मेगाहर्ट्झवरही चालतं, त्याला 'बँड २८' म्हणतात. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि झाडी त्यांना कमी अडवते. पण फोनमध्ये बँड २८ नसेल तर टॉवर जवळ असूनही त्याचा उपयोग नाही. फोनच्या माहितीत हे आधी बघून घ्या.

रेंज फक्त खिडकीतच येते? मग फोन तिथेच ठेवा आणि लॅपटॉप हॉटस्पॉटने जोडा. फोन लॅपटॉपजवळ आणायची गरज नाही. ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर लाइन आली आहे का आणि ती चालू आहे का, तेही विचारून या.

लॅपटॉपमध्ये काय बघायचं?

• रॅम: ८ जीबी. इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर १६ जीबी.
• स्टोरेज: २५६ जीबी किंवा जास्त एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी चकती असते, एसटीच्या धक्क्यांनी ती खराब होऊ शकते. एसएसडीत हलणारा भाग नसतो.
• चार्जिंग: टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा मिळाला तर उत्तम. मोठ्या पॉवर बँकेवरही काम भागतं.
• क्रोमबुक स्वस्त मिळतं, पण त्याची बरीच कामं नेटवर अवलंबून असतात. आपल्याकडे विचार करूनच घ्या.

जुना लॅपटॉप घेताना

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. नुसतं 'आय५' बघून फसू नका. 'आय५-६३००' म्हणजे सहावी पिढी, 'आय५-८२५०' म्हणजे आठवी. दुकानदाराला बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात 'फुल चार्ज कपॅसिटी' ही 'डिझाइन कपॅसिटी'पेक्षा खूप कमी दिसली, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कमी करून मागा. बिल आणि वॉरंटी लेखी घ्या.

रोजचा १.५ जीबी डेटा कसा पुरवायचा?

हॉटस्पॉट जोडल्यावर विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर एखादा मोठा अपडेट दिवसाचा डेटा एका बैठकीत संपवतो. अपडेट आणि लेक्चरचे व्हिडिओ कॉलेजच्या वाय-फायवर उतरवून घ्या. लिबर ऑफिस फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. असाइनमेंट त्यात लिहा, रेंज आली की पाठवा.

आणि शेवटचं, पण सगळ्यात महत्त्वाचं: महाडीबीटीचा स्कॉलरशिप फॉर्म असो की गोंडवाना विद्यापीठाचा परीक्षेचा, तो शेवटच्या तारखेवर ठेवू नका. कागदपत्रं आधीच स्कॅन करून लॅपटॉपमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. ओटीपीसाठी आधारला जोडलेला नंबर चालू आहे ना, ते तपासा. रेंज दहा मिनिटं आली तरी मग फॉर्म भरून होतो. महागड्या लॅपटॉपपेक्षा ही तयारी तुमचं वर्ष वाचवेल.